१९८६च्या माफीने कॅलिफोर्निया फिरवला नाही

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा कोथरूड, औंध, सहकारनगरच्या घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: "अमेरिकेत स्थलांतर कायदा सुधारला, की कोटभर बेकायदा लोक रातोरात मतदार होतात. ते सगळे डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. १९८६ मध्ये रेगन यांनी माफी दिली आणि रिपब्लिकनांनी कॅलिफोर्निया कायमचा घालवला. आपल्या मुलांची ग्रीन कार्डंही याच मतांच्या राजकारणात अडकली आहेत." चौथं वाक्य पुण्यातल्या आईवडिलांच्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून आधीची तीन न तपासता पुढे जातात. ती तपासायला हवीत.

"रातोरात मतदार होतात."

सोलापूरहून पुण्यात राहायला आलेला मतदार फॉर्म ८ भरतो आणि त्याचं नाव इथल्या यादीत येतं, कारण तो आधीपासूनच नागरिक असतो. अमेरिकेत कायदेशीर दर्जा आणि मताचा हक्क यांच्यामध्ये बरीच वर्षं जातात. आधी बहुधा तात्पुरता दर्जा, मग ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, ग्रीन कार्डावर पाच वर्षं (अमेरिकी नागरिकाशी लग्न झालं असेल तर तीन), पाचांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष त्या देशात. मग नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, शेवटी शपथ. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारले जाऊ शकतात आणि १२ बरोबर यावे लागतात. शपथ झाली तरी मतदार नोंदणी वेगळी असते.

२०१३ मध्ये सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेलं मोठं सुधारणा विधेयक पाहा. त्यात कागद नसलेल्या बहुतेकांना आधी दहा वर्षं तात्पुरता दर्जा होता, त्यानंतर ग्रीन कार्ड, त्यानंतर आणखी तीन वर्षं. म्हणजे पहिलं मत तेरा वर्षांनी. कनिष्ठ सभागृहाने, प्रतिनिधीगृहाने, ते विधेयक मतदानाला घेतलंच नाही.

शिवाय पात्र झालेला प्रत्येक जण अर्ज करतो असंही नाही. आईवडिलांच्या आजारपणात सलग सहा महिन्यांहून जास्त पुण्यात राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाचं 'सलग वास्तव्य' तुटलं असं गृहीत धरलं जातं. नोकरी, घर, कर यांचे कागद दाखवून ते गृहीतक त्यालाच खोडावं लागतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे शपथेबरोबर भारतीय पासपोर्ट जातो, इथलं मत जातं आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मुळशी-मावळात शेतजमीन विकत घेता येत नाही. या कारणांनी ग्रीन कार्डावरच थांबणारे पुष्कळ आहेत.

आणि ग्रीन कार्डावर मत देता येत नाही. १९९६ च्या कायद्याने नागरिक नसलेल्याने संघीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा कागदही समोर येतो. तिथे 'मी नागरिक आहे' या चौकटीवर चुकून खूण केली, तरी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो आणि प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. आपल्या मुलामुलींना आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट आहे.

"रेगन यांच्या माफीने कॅलिफोर्निया गेला."

इथे तारखाच बोलतात. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी माफीच्या, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा देणाऱ्या, कायद्यावर सही केली ती ६ नोव्हेंबर १९८६ ला. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणारे आणि ठरावीक दिवस शेतात राबलेले मजूर असे त्यात दोन मुख्य गट होते आणि मिळून सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्य मिळालं. पहिल्या गटाचे अर्ज मे १९८७ पासून घेतले गेले. त्यानंतर १८ महिने तात्पुरता दर्जा, मग ग्रीन कार्ड, मग पाच वर्षं. बेरीज केली तर सर्वसाधारण मार्गाने पहिला माणूस नागरिक होतो तो १९९३ च्या अखेरीस.

कॅलिफोर्नियाने १९६८ ते १९८८ दरवेळी रिपब्लिकन अध्यक्ष निवडला आणि १९९२ मध्ये कौल फिरवला. म्हणजे ही मतं येण्याच्या आधीच. त्या वर्षी डेमोक्रॅट क्लिंटन यांना ४६ टक्के, रिपब्लिकन थोरले बुश यांना जेमतेम ३३ टक्के आणि अपक्ष रॉस पेरो यांना २० टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. शीतयुद्ध संपल्यावर संरक्षण आणि विमान कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि दक्षिण कॅलिफोर्निया मंदीने पोळला होता.

त्यानंतरचं वळण रिपब्लिकन पक्षाने स्वतः घेतलं. १९९४ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी प्रपोझिशन १८७ या थेट मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावाचा जोरदार पुरस्कार केला: कागद नसलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा नाही, तातडीचे नसलेले उपचार नाहीत. सुमारे ५९ टक्के मतांनी ते मंजूर झालं आणि संघीय न्यायालयाने अडवलं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत नागरिकत्वाच्या अर्जांची रीघ लागली. १९८६ च्या कायद्याने पात्रता दिली होती, मत द्यायला जायचं कारण १९९४ च्या प्रचाराने दिलं, असा आमचा निष्कर्ष आहे. तरीही २००९ पर्यंत त्या २७ लाखांपैकी सुमारे दोन पंचमांशच नागरिक झाले होते.

माफीचे सर्वाधिक लाभार्थी कॅलिफोर्नियात होते, त्याखालोखाल टेक्सासमध्ये. टेक्सासने १९७६ नंतर एकदाही डेमोक्रॅटिक अध्यक्ष निवडलेला नाही. 'कायमचा' हा शब्दही खरा नाही, कारण याच कॅलिफोर्नियाने २००३ आणि २००६ मध्ये रिपब्लिकन श्वार्झनेगर यांना गव्हर्नर केलं.

"सगळे एकाच पक्षाला मत देतात."

यात तथ्याचा अंश आहे. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) आणि आशियाई मतदारांचा बहुतांश कल गेली अनेक वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिला आहे. पण कल म्हणजे गठ्ठा नव्हे. मतदानोत्तर पाहणीत धाकट्या बुश यांना २००४ मध्ये लॅटिनो मतांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मिळाली, २०१२ मध्ये रॉम्नी यांना २७, २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४६. टेक्सासच्या सीमेवरच्या, जवळजवळ पूर्ण लॅटिनो असलेल्या स्टार काउंटीने २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला, १८९२ नंतर पहिल्यांदा. आपल्याच लोकांचं पाहा: भारतीय-अमेरिकी मतदारांच्या, कार्नेगी या संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत २०२० मध्ये ७२ टक्के बायडन यांच्या बाजूने होते, २०२४ मध्ये हॅरिस यांच्या बाजूने ६१.

"ग्रीन कार्डं मतांच्या राजकारणात अडकली."

अडकण्याचं मूळ कोट्यात आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच पतीपत्नी आणि मुलं मोजायची आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. देश ठरतो तो जन्मस्थानावरून. म्हणून पुण्यात जन्मलेला इंजिनिअर कॅनडाचा पासपोर्ट घेऊनही भारताच्याच रांगेत राहतो. पत्नीचा जन्म दुबईत झाला असेल, तर मात्र तिच्या जन्मदेशाच्या रांगेत दोघांनाही जाता येतं. ही सवलत अनेकांना ठाऊकच नसते.

ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने. सिनेटमध्ये ते रेटत होते युटाचे रिपब्लिकन माइक ली आणि अडवून धरलं होतं इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी. एकूण आकडा न वाढवता मर्यादा काढली, तर इतर देशांचे लोक मागे ढकलले जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने बदललेला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधी काँग्रेसची, म्हणजे त्या अमेरिकी संसदेची, मुदत संपली आणि विधेयक बाद झालं. नव्या विधेयकाची बातमी ग्रुपवर आली, की तेच विधेयक, त्याच मसुद्यात, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आहे का एवढं पाहावं. तोवर मुलाची रांग अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधल्या भारताच्या रकान्यावरच चालते.