माठ, कूलर आणि होडी

होडी ट्रकमधून अंगणात उतरली तेव्हा शेजारचे काका गेटपाशी येऊन म्हणाले, "लयच मोठा कूलर घेतला बाप्पा!" त्यांचं चुकलं नव्हतं. नागपुरात फायबरची वस्तू म्हणजे एक तर कूलर, नाहीतर पाण्याची टाकी. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर कापून मुंबईहून कोणाकडे १८ फुटी, शिडाची, सेकंडहँड होडी येईल हे त्यांना कसं सुचावं? खिंडसीच्या तलावात शीड उभारायचं आणि रामटेकच्या डोंगराकडे बघत चहा प्यायचा, एवढीच माझी माफक इच्छा.

तोवर ती विटांच्या चार थप्प्यांवर ठेवली. गुढीपाडव्याला हौसेने डोलकाठी उभी केली (विजेच्या तारा लांब आहेत हे आधी पाहिलं, तेवढी अक्कल होती), तिच्यावरच गुढी बांधली आणि वाऱ्याने हलू नये म्हणून डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा अशा आवळल्या की बोट लावलं तर सूर निघावा.

मे महिन्यात होडी धुताना पहिला तडा दिसला. केसाएवढा बारीक. पोराच्या पेनातली शाई चोळून पुसली की बारीक तडे उठून दिसतात, असं वाचलं होतं. चोळली. एकाचे तीस झाले. ही म्हणाली, "आधी एकच होता ना? मग राहू द्यायचा होता."

मग निदान सुरू झालं. होडीच्या अंगावर बाहेरून जेलकोट नावाचा थर असतो, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. दिसायला गुळगुळीत, स्वभावाने ठिसूळ. खालचं फायबर वाकतं, हा वाकत नाही, तडकतो. चांदणीसारखे फुटलेले तडे म्हणजे कुठेतरी आदळली. समांतर रेघा म्हणजे तिथलं अंग सारखं लवतंय. रेघा वरच्या थरातच असतील तर दुखणं दिखाऊ, खालच्या फायबरात गेल्या असतील तर खरं. ते ओळखायला नाण्याने ठोकून बघायचं: ठण्ण वाजलं तर घट्ट, भद्द वाजलं तर आतले थर सुटलेले.

ठोकायची कला नागपूरच्या बायांना शिकवावी लागत नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात माठ असाच घेतात. त्यांनी अख्ख्या होडीला प्रदक्षिणा घातली, नाकाजवळ दोनदा ठोकलं आणि निकाल दिला, "हा माठ मी घेतला नसता."

शेवटी कूलरवाल्या भाऊला बोलावलं. फायबरच्या बॉड्या जोडण्यात त्याची हयात गेलेली. तो आधी खाली वाकला. "साहेब, हे तडे विटांच्या भोवतालनंच काहून हायेत?" मी गप्प. होडीच्या आत प्लायच्या आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. टेकू द्यायचा तर त्यांच्याखाली. मी नेमका दोन भिंतींच्या मधे, जिथे नुसती सालच, तिथे दिला होता. सगळं वजन विटांवर आणि साल आत दबलेली. म्हणजे निम्मे तडे मुंबईचे नव्हतेच, माझ्या घरचे होते.

मग तो आत शिरला. पुढच्या बल्कहेडचं दार लागेना. "पावसात फुगते ना दार," मी म्हणालो. त्याने बाहेरच्या ४५ अंशांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. वर डोलकाठीच्या तारा सैल केल्या आणि दार आपोआप लागलं. तारा आवळल्या की डोलकाठी छतावर दाबते आणि तो सगळा भार ही भिंत झेलते. माझ्या गुढीने तिचं कंबरडं मोडलं होतं.

मोडायला कारणही होतं. बाजूच्या तारा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात, ती छतातून खाली येऊन याच भिंतीला बोल्टने बसवलेली. पट्टीच्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं. भाऊने पेचकस टोचला, तो प्लायमध्ये श्रीखंडात चमचा जावा तसा गेला. भिंत आणि होडी यांना जोडणारी फायबरची पट्टी तर एका बाजूने पापडासारखी सुटली होती.

"होऊन जाईन," तो म्हणाला. सडलेला प्लाय कापायचा, जुनं फायबर घासून तिरपं करायचं, नवी मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, रेझिन नावाच्या चिकट द्रवात बसवायची. पण या उन्हात हार्डनर टाकलं की डब्यातलं रेझिन हातातच गोठतं, म्हणून काम पहाटे पाचला.

"मग उद्या?"

"साहेब, सीजन हाय. होडी थांबली तं तुमीच बोंबलसान, कूलर थांबला तं पुरा मोहल्ला बोंबलते. पाऊस पडला का येतो."

पाऊस पडला की तो येणार. पण प्लाय आणि फायबर खडखडीत वाळल्याशिवाय रेझिन धरत नाही आणि वाळवायला हेच ऊन हवं, हेही त्यानेच सांगितलं. तारा सैल सोडून मी विटा बल्कहेडखाली सरकवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डेकवर धोतर अंथरून सासूबाईंनी कुरड्या घातलेल्या.

"हलवू नको रे," त्या म्हणाल्या, "तीन दिवस लागतात."