हेडसेट पाहुण्यांसाठी की विद्यार्थ्यांसाठी?

आज रावेर-यावल पट्ट्यातल्या आमच्या महाविद्यालयात आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या, दालनाचे उद्घाटन झाले. पाहुण्यांनी आळीपाळीने हेडसेट डोळ्यांवर चढवले, छायाचित्रे निघाली, आणि त्यांना दाखवली गेली ती केळीची बाग! कुंपणापलीकडे केळीच केळी उभी असताना आणि मागे बसलेली कितीतरी मुले पहाटे बागेला पाणी देऊन आलेली असताना, हातच्या कंकणाला आरसा कशाला? घरी आल्यापासून मन स्वस्थ नाही.

मी जीवशास्त्र शिकवतो आणि या तंत्राचा विरोधक मुळीच नाही. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत चोपडा तालुक्यातल्या आमच्या विद्यार्थिनीने हेडसेटमधून हृदयाच्या आत जाऊन झडपा उघडताना-मिटताना पाहिल्या. झडपेच्या कडांना बिलगलेले पांढरे तंतू धरायला तिने हात पुढे केला, बोटे हवेतच मिटली, आणि हेडसेट न काढताच ती म्हणाली, "सर, ह्या दोऱ्या नसत्या तर झडप उलटी फिरली असती ना?" मी वर्षानुवर्षे हा धडा भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवतो आहे, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण सपाट चित्रात त्या दोऱ्यांवरचा ताण दिसतच नाही.

जे एरवी डोळ्यांना दिसूच शकत नाही, ते दाखवण्यासाठी हे साधन आहे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या हेडसेटवर शरीररचनाशास्त्र शिकवायला घेतले, त्यात समोरचे सहाध्यायी दिसत असतानाच मधोमध शरीराचा एकेक थर उलगडतो आणि सगळ्यांना मिळून त्यावर बोलता येते. आपल्याकडे मात्र कोणत्या विषयाचा कोणता धडा यात घ्यायचा, हे खरेदीपूर्वी एकाही शिक्षकाला विचारले गेले नाही, आणि समारंभ संपताच हेडसेट कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागले. हा पैसा विद्यार्थ्यांचा आहे, याची कुणाला चाड आहे की नाही?

खर्च मोठा आहे आणि काहींना हेडसेट लावून गरगरते, हे मान्य. कंपन्याही मधेच हात काढून घेतात. गूगलने शाळांसाठीचे एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचे ॲप २०२१ मध्ये बंद केले, होलोलेन्सचे उत्पादनही २०२४ मध्ये थांबले. म्हणून तर आहे तोवर ते मुलांच्या हाती पडायला हवे.

त्या मुलीने पुढे खाटकाकडून बकऱ्याचे हृदय मागवले आणि चिमट्याने तेच तंतू शोधून काढले. आभासी पाहिल्यावर तिला खरे पाहावेसे वाटले, आणि शिक्षक म्हणून मला याहून अधिक काही नको आहे.

ते दालन तासिकांच्या वेळापत्रकात यावे, एसटीने परतणाऱ्या मुलांसाठी दुपारीच उघडे राहावे, आणि एकाला दिसणारे दृश्य बाकीच्यांना पडद्यावर दिसावे, अशी लेखी मागणी मी सोमवारी देणार आहे. ज्यांना पटते त्यांनी सकाळी स्टाफरूममध्ये येऊन सही करावी.