दाद दाबून ठेवा

मैफलीत मान डोलवायची नाही, मांडीवर ताल धरायचा नाही आणि 'क्या बात है' मनातसुद्धा हळू म्हणायचं. ही शिक्षा लंडनमध्ये तिकीट काढून भोगता येते. ट्रफाल्गर चौकाजवळ सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च आहे. तिथे संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात मैफली होतात, आणि इटालियन संगीतकार विवाल्दीच्या व्हायोलिनच्या रचना, 'चार ऋतू', असल्या की गर्दी हमखास. ते ऋतू १७२५ मध्ये छापले गेले, चर्च १७२६ मध्ये बांधून झालं. जवळजवळ जुळी भावंडंच.

पुण्याचे मामा आले, म्हणून त्यांना नेलं. मामा म्हणजे 'सवाई'त भारतीय बैठकीत ठाण मांडणारे आणि गाण्यात चांगली जागा आली की कलाकाराच्याही आधी हात वर करणारे. आमची तिकिटं स्वस्तातली, म्हणजे खांबामागची.

"अरे, खांब हवा तो पाठीला. हा नाकासमोर काय कामाचा?"

मी नियम सांगायला घेतले. ऋतू चार, प्रत्येकाचे तीन भाग. टाळी ऋतू संपल्यावर, भाग संपल्यावर नाही.

"म्हणजे तीन-तीन मोजत बसायचं?"

"हो."

"मग ऐकायचं कधी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुद्द मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना खुशीत कळवलंय की आपल्या सिंफनीचा भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे कुणाच्या पोटात दुखलं कोण जाणे!

वसंताच्या दुसऱ्या भागात गुराखी झोपलेला असतो आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, त्याच्या कुत्र्यासारखी भुंकते. हे मी कानात सांगितलं आणि पस्तावलो. मामांनी कान टवकारले, कुत्रं सापडलं, आणि त्या चिडीचूप चर्चमध्ये खणखणीत "आहा!" उमटलं. पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी खांबाकडे बघत बसलो. तेवढा मात्र तो उपयोगी पडला.

खरी कसोटी उन्हाळ्यातल्या वादळाला. व्हायोलिनं सुसाट सुटली आणि मामांची बोटं बाकावर चालू लागली. तीन-तीन मात्रांचं ते वादळ त्यांनी सरळ दादऱ्यात बसवलं होतं, धा धी ना, धा ती ना. लाकडी बाक इतका इमानदार की ठेका पार टोकाच्या बाईंपर्यंत पोचला. मी मामांचा हात धरला. मग ते पायाने सुरू झाले. इतकं गच्च बसलं होतं ते की माझाही अंगठा बुटात हलत होता.

शिशिर संपला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मामा मात्र हाताची घडी घालून बसलेले.

"मामा, आता वाजवा की!"

"आता? दाद द्यायची होती त्या वादळाला. ती शिळी झाली."

टोकाच्या बाई माझ्याकडे झुकल्या आणि अगदी सहानुभूतीने विचारलं, "यांना आवडलं नाही का?"