पोपटवाला म्हणणाऱ्या ‘सडेतोड’ यांना उत्तर

सडेतोड यांस,

(तुम्ही हेच नाव घेतलंय, म्हणून मीही तेच वापरते.)

मागच्या आठवड्यात मी शाईच्या डागांच्या चाचणीवर, म्हणजे रोर्शाकवर लिहिलं (दहा कार्डांवरचे डाग दाखवायचे आणि काय दिसतं ते विचारायचं). ही चाचणी म्हणजे पोपटाकडून भविष्य काढण्यासारखीच, अशी त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. सोडून देणार होते. पण तिला तीन लाइक आहेत आणि त्यातला एक माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा आहे. म्हणून बसले लिहायला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ही चाचणी बनवणारा हेर्मान रोर्शाक मी लिहिलं तसा 1923 मध्ये नाही, 2 एप्रिल 1922 ला गेला. वय 37, अपेंडिक्स फुटलं होतं. चाचणीवरचं त्याचं पुस्तक त्याच्या आदल्या वर्षीचं, 1921 चं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण एवढ्यावर तुमचं भागत नाही. ‘साधं साल नीट लिहिता येत नाही, आणि ‘मॅडम’ लोकांची मनं वाचणार!’ हे कशासाठी? रात्री साडेअकराला टाइप करताना एक आकडा चुकला. एका उत्तरावरून माणसाचं निदान करू नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगतो. आणि मॅडमला अवतरणचिन्हं कशाला, तेही कळलं नाही.

आता ते वाक्य. ‘तुमची दहा कार्डं आणि तुळशीबागेबाहेरचा पोपटवाला यांत फरक एवढाच, की पोपटाची फी कमी असते.’ चुरचुरीत आहे. लाइक त्यालाच मिळाले असणार.

अहो, पोपटवाल्याकडे गिऱ्हाईक गप्प बसतं आणि पोपटवाला बोलतो. आमच्याकडे बरोबर उलटं. तास-दीड तास समोरचा बोलतो आणि मी लिहून घेते. ‘हे काय असू शकेल?’ एवढंच विचारायचं. कार्ड हातात कसं धरलं, फिरवून पाहिलं का, किती सेकंदांनी तोंड उघडलं, उत्तर अख्ख्या डागाला दिलं की कडेच्या एखाद्या ठिपक्याला, हे सगळं टिपायचं. दहा कार्डं संपली की परत पहिल्यापासून: कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं, आकारामुळे की रंगामुळे? मग गुणांकन. तेच दोन-अडीच तास खातं. वटवाघूळ दिसलं म्हणजे मनात काळोख, असला प्रकार त्यात कुठेच नसतो. पाचव्या कार्डात वटवाघूळ बऱ्याच जणांना दिसतं. तुम्हालाही दिसेल.

फीचं म्हणाल, तर ज्या सरकारी रुग्णालयात माझी सव्वीस वर्षं गेली तिथे दोन रुपयांत केसपेपर निघायचा, आणि रोर्शाक त्यातच. आमच्या विभागात कार्डांचा एकच संच होता, बर्नच्या प्रकाशकाकडून मागवलेला. सर तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे, किल्ली स्वतःच्या खिशात. एकदा एका शिकाऊ डॉक्टरचा चहा सातव्या कार्डावर सांडला. खालच्या बाजूला नखाएवढा तपकिरी डाग पडला, बस. सरांनी संच त्याच दिवशी बाद केला. नवा यायला आठ महिने लागले, तोवर विभागात रोर्शाक झाली नाही. कारण मूळ शाईच्या डागावर दहा हजार लोकांनी दिलेली उत्तरंसुद्धा आमच्या चहा सांडलेल्या डागाला लागू होणार नव्हती. तुमचा पोपटवाला एवढं पथ्य पाळतो का, जरा विचारून या.

आणि एका मुलाचं सांगते. वय एकोणीस, इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. आईवडिलांची तक्रार: अभ्यास करत नाही, उद्धट झालाय. मुलाखतीत शहाण्यासारखा बोलला. ‘ठीक आहे’, ‘जमेल’, ‘झोप लागते’. तिसरं कार्ड दिल्यावर त्याने ते सगळ्यात आधी उलटून मागची बाजू पाहिली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘ही दोन माणसं नाहीत. एकच मामा आहे, अर्धा फुलपाखरात बसलाय. तो बघत नाही असं दाखवतोय मला.’ मी विचारलं, कशामुळे तसं वाटलं? ‘तुम्हाला माहितीये ना’, म्हणाला, आणि हसला. पेन माझ्या हातात होतं, पण वाक्य पुरं लिहायला मला वेळ लागला. त्याच दुपारी त्याला वरच्या मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. तुम्ही म्हणाल, नीट बोललं असतं तर गप्पांतही कळलं असतं. कदाचित. पण कळलं नव्हतं.

अशा चाचण्यांच्या बहुतेक मापांना पुरेसा पुरावा नाही म्हणणारा, 2000 सालचा लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांचा लेख तुम्ही माझ्या तोंडावर फेकलात. पुढचं वाचलंत का? 2013 मध्ये रोर्शाकच्या मुख्य मापांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला. त्यानंतर 2015 मध्ये गार्ब, वुड, लिलियनफेल्ड याच मंडळींनी विचारांतला गोंधळ जोखणाऱ्या मापांपुरती आपली हरकत मागे घेतली. म्हणजे माझ्या त्या मुलाच्या बाबतीतली. बाकीच्या बऱ्याच मापांना त्याच आढाव्यात फारसा आधार मिळाला नाही, ते मी लपवत नाही, पण आपलं बोलणं त्याबद्दल चाललेलं नाही.

तुम्ही पुढे केलेला चॅपमन पती-पत्नींचा 1967 चा प्रयोग, माणसाचं चित्र काढायला लावणाऱ्या चाचणीवरचा, आम्हाला एम.ए.ला होता. मोठे डोळे काढले की माणूस संशयी, असा नसलेला संबंध विद्यार्थ्यांनाही दिसला आणि तज्ज्ञांनाही. तुम्हाला तो गूगलने परवा दाखवला असावा. प्रयोगशाळेत कागद होते, माझ्यासमोर माणसं होती.

एसएसबीचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीतल्या चित्रांच्या चाचणीचं म्हणाल, तर हो, अकरा चित्रं आणि एक कोरं, प्रत्येक तीस सेकंद पाहायचं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची, त्याचे क्लास निघालेत हे मलाही ठाऊक आहे. माझा भाचा असा क्लास करून दोनदा गेला. दोन्ही वेळा परत आला. पाठ केलेल्या गोष्टी तिथे ओळखू येतात, एवढंच यातून मी घेते. तुम्ही काय घ्यायचं ते घ्या.

राहता राहिला तुमचा शेवटचा परिच्छेद: मी लेखात एका मुलीने काढलेल्या झाडाच्या ढोलीवरून तिच्या लहानपणीच्या आघाताबद्दल लिहिलं, त्याला पुरावा काय, आणि तो आघात मला आधीच केसपेपरवरून माहीत होता का. यावर स्वतंत्र लिहावं लागेल. सवडीने लिहीन.

या लेखाखालच्या प्रतिक्रिया आजपासून बंद करते आहे. तुमची मात्र काढलेली नाही. साल दुरुस्त झाल्यामुळे तिचं पहिलं वाक्य कशाबद्दल आहे हे आता कुणाला कळणार नाही, त्याला माझा इलाज नाही.