मेव्हन, ग्रेडल आणि ‘जुनी सवय’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत उरकत नाही. बाकीच्यांसाठी: मेव्हन आणि ग्रेडल ही जावाची बिल्ड टूल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी आणून, कोड कंपाइल करून, टेस्ट चालवून प्रोग्रॅम तयार करणारी. पाच-सहा जणांच्या टीमने जावाच्या नव्या बॅकएंडला मेव्हन घ्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, ‘(मेव्हनची फाइल ज्यात लिहितात त्या) एक्सएमएलचं भेंडोळं कशाला? ग्रेडल कितीतरी वेगवान आहे. जुन्या सवयीला सल्ला म्हणू नका.’

आधी माझी चूक. ‘ग्रेडलमध्ये फोल्डरची रचना ज्याची त्याने ठरवायची’ हे मी साफ चुकीचं लिहिलं. जावा प्लगइन लावलं की ग्रेडलही मुळात मेव्हनचीच रचना धरून चालतं. ते वाक्य काढतोय.

वेगाचंही मान्य. जे बदललं तेवढंच पुन्हा करायचं, यात ग्रेडल पुढे आहे. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवाले 2020 मध्ये, 2.3 आवृत्तीच्या वेळी, मेव्हन सोडून ग्रेडलवर गेले ते बिल्डचा वेळ कमी करायलाच. पण त्यांचा पसारा केवढा! आमचे चार मॉड्यूल. आमचा वेळ खातात त्या डेटाबेसचा कंटेनर उभा करणाऱ्या टेस्ट, आणि त्या चालवायची वेळ आली की दोन्हीकडे तेवढंच थांबावं लागतं.

आता ‘सवय’. एका जुन्या नोकरीत मला सहाशेएक ओळींची ग्रेडल फाइल वारशात मिळाली. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. जावा 17 वर जायचं ठरलं आणि पहिल्याच बिल्डला ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 61’. म्हणजे ग्रेडल जुनं; 7.3 किंवा पुढचं हवं. ते चढवलं, तर लायब्ररी जोडायचा जुना ‘कंपाइल’ शब्दच ग्रेडल 7 ने काढून टाकलेला. शोधून सगळीकडे ‘इम्प्लिमेंटेशन’ केलं, तरी बिल्ड पडतच राहिलं. शेवटी सापडलं: गड्याने एका ग्रूव्ही (ती ग्रेडल फाइल लिहिलेली भाषा) फंक्शनमध्ये ‘टेस्ट’ आणि ‘कंपाइल’ या दोन स्ट्रिंग जोडून नाव तयार केलं होतं. सर्चला ते दिसणार कसं? चार दिवस गेले.

दोष माणसाचा, टूलचा नाही, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण मेव्हनमध्ये हा उद्योग करायला त्याला आधी प्लगइन लिहावं लागलं असतं, आणि तेवढा कंटाळा बहुतेकांना पुरतो. ज्या टीममध्ये बिल्ड सांभाळायला वेगळा माणूस नाही, तिथे मला हा कंटाळा हवाच आहे. बिल्डकडे आवडीने बघणारा कोणी असेल, तर खुशाल ग्रेडल घ्या. अँड्रॉइड असेल तर प्रश्नच मिटला, तिथे ग्रेडलच.

गंमत म्हणजे तुम्ही एक्सएमएलवर तुटून पडलात आणि मेव्हनचं खरं दुखणं तसंच सोडलंत. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या की ग्रेडल सहसा नवी घेतं; मेव्हन आपल्या प्रोजेक्टपासून जी जवळ ती घेतं, मग ती जुनी का असेना. कंपाइल व्यवस्थित होतं आणि सर्व्हरवर ‘नो सच मेथड एरर’, म्हणजे हवी ती मेथड त्या आवृत्तीत नाहीच. हे आम्हीही भोगलंय. डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणामुळे आली याची यादी) काढून बघेपर्यंत कळलंच नाही की आमच्या लॉगिंगच्या छोट्या लायब्ररीने जुनं जॅक्सन (जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) आत आणलंय. तेव्हापासून मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनचा डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स नियम लावलेला असतो. आवृत्त्या जुळल्या नाहीत की बिल्ड तिथेच पडतं.

हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज संध्याकाळी घालतो.