सर्व्हिस सेंटरचा शेरा म्हणजे निकाल नव्हे

घडी घालायचा म्हणून विकलेला फोन घडी घालूनच बिघडला, तर दोष फोनचा. एवढी साधी गोष्ट कंपन्या मान्य करत नाहीत आणि आपणही काउंटरवर ती ठणकावून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझ्या धाकट्या भावानं दिवाळीत सव्वा लाखाचा फोल्डेबल घेतला, इथंच कोल्हापुरात, पक्क्या बिलावर. दोन-अडीच महिन्यांत आतल्या स्क्रीनवर बरोबर घडीच्या जागी काळी उभी रेघ आली. चार दिवसांत रेघेच्या डावीकडचा टच गेला. बाहेरची काच शाबूत, कडेला ओरखडा नाही, बिजागरी घट्ट. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा फोन आत घेऊन गेला आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाला, "सर, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." खर्च चाळीस हजारांच्या वर. डॅमेज नेमका कुठं आहे ते दाखव म्हटलं, तर "प्रेशर आलंय" एवढंच उत्तर. फोटो नाही, तपासणीचा कागद नाही. दुकानदाराचं म्हणणं वेगळंच: "दादा, आम्ही फक्त विकतो. तुम्ही कंपनीशी बोला की."

या फोनच्या आतली काच साधारण 30 मायक्रॉनची असते, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा थर. ती रोज एकाच रेषेवर वाकते. तिथं बाहेरचा धक्का न लागताही बिघाड होऊ शकतो, हे जगजाहीर आहे. 2019 मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड पत्रकारांना परीक्षणासाठी दिला, तेव्हा काही दिवसांतच काहींच्या स्क्रीन गेल्या. काहींनी वरचा थर सोलला होता, पण सगळ्यांनी नाही. कंपनीनं एप्रिलची विक्री थांबवली आणि दुरुस्त्या करून फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आणला. (भावाचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, हे स्पष्ट सांगतो.) पुढं जाहिरातींत दोन लाख घड्यांचे आकडे आले. दिवसाला 100 वेळा उघडझाप केली तरी हा हिशेब साडेपाच वर्षांच्या आसपास जातो. फोन विकताना हा आकडा मोठ्या अक्षरात छापायचा आणि अडीच महिन्यांत रेघ आली की गिऱ्हाइकावर ढकलायचं, हे चालू द्यायचं नाही. तुमच्या मॉडेलच्या जाहिरातीत असा दावा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जुलै 2020 पासून लागू. वस्तूत दोष आहे की नाही हे साध्या पाहणीत ठरत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग ती वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कलम 38 मध्ये ही तरतूद आहे, अहवालासाठी 45 दिवसांची मुदत आहे. प्रयोगशाळेची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते, हे खरं. पण फोन पडला की मुळात दोष होता, हा वाद मिटवायची जागा ती आहे. ज्याच्या खिशातून मोफत दुरुस्तीचा खर्च जाणार, त्याच्याच माणसानं आतल्या खोलीत दिलेला शेरा आपण अंतिम का मानायचा? दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत आणि वर नुकसानभरपाई, यातलं काहीही आयोग देऊ शकतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही. वैतागून पैसे भरून स्क्रीन बदलून घेतली, की जुनी स्क्रीन बहुतेक ठिकाणी सेंटरकडेच जमा होते. म्हणजे पुरावा गेला. मग प्रयोगशाळेत पाठवणार काय? म्हणून वाद असेल तर आधी दुरुस्ती करू नका. फोन देण्याआधी चारही बाजूंनी, उघडून आणि मिटून व्हिडिओ काढा. जॉब शीट (फोन जमा केल्याचा सेंटरचा कागद) घेतल्याशिवाय हलू नका, आणि तिच्यावर "फिजिकल डॅमेज" लिहिलं असेल तर सहीच्या वर आपल्या हातानं "मान्य नाही" लिहा. भावानं तेच केलं. काउंटरवरचा मुलगा चपापला, मॅनेजरला बोलावलं, पण कागद बदलता आला नाही.

पडलेला, चेपलेला, पाण्यात बुडालेला फोन घेऊन भांडायला जाणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलत नाहीये.

व्यापारी मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. गुजरीत, मार्केट यार्डात अनेकजण जीएसटीचं क्रेडिट मिळावं म्हणून फोनचं बिल फर्मच्या नावानं घेतात. कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापर असेल तर सूट आहे, पण आयोगात पहिला आक्षेप यावरच येऊ शकतो. थोड्या क्रेडिटसाठी हा हक्क अडचणीत आणायचा का, ते बिल करतानाच ठरवा.

आणि "तक्रारीसाठी दिल्लीला जावं लागेल" हे कुणाचं ऐकू नका. जुन्या कायद्यात तक्रार कुठं करायची याची अडचण होती. आता कलम 34 प्रमाणं तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फोन ऑनलाइन मागवला असला तरीही. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करता येतं, कारण बिल दुकानदाराचं आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगाची फी शून्य आहे, वकील लावलाच पाहिजे असं नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर नोंद करून बघा, काही कंपन्या तिथंच नमतात.

भावाची कंपनी अजून नमलेली नाही. रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली आहे, फोन बदलून द्या किंवा पैसे परत करा, एवढीच मागणी. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात तक्रार दाखल करणार. नोटिशीचा मराठी मसुदा माझ्याकडं तयार आहे. ज्याला हवा असेल त्यानं मेसेज करा, लगेच पाठवतो.