सरहद्दीपलीकडचे पीठ

सांगलीत गिरणीपुढे डबा ठेवून गव्हाच्या भावाबद्दल कुरकुर केली, की रांगेतला एखादा सेवानिवृत्त गृहस्थ आपल्याला थेट सरहद्दीपलीकडे नेऊन सोडतो. आमच्या विश्रामबागेत हे काम अण्णांनी स्वखुशीने पत्करले आहे. २०२३ च्या जानेवारीत मी "लोकवन फारच महागला हो," एवढेच म्हणालो, तर अण्णा कडाडले, "पाकिस्तानात पीठ दीडशे रुपये किलो आहे! जाता का तिकडे?" मला कुठेच जायचे नव्हते, ज्वारीचे दळण लागण्याआधी माझा गहू जात्यात पडावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

ते दीडशे रुपये पाकिस्तानी होते. तेव्हा आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण तीन रुपये पडत, म्हणजे हिशेब पन्नाशीपाशी येतो. तरीही ते पीठ आपल्यापेक्षा महागच होते, कारण आदल्या वर्षीच्या पुरात साठवलेला गहू भिजला होता आणि बाहेरून आणायला डॉलर नव्हते. नेपाळचा आकडा मात्र अण्णा निव्वळ आपल्याला घाबरवण्यासाठी वापरतात. तिथे आपला एक रुपया १९९३ पासून १.६० नेपाळी रुपयांना बांधलेला असल्याने तोच भाव ऐकायला दीडपटीहून मोठा वाटतो. श्रीलंकेत तर गहू पिकतच नाही, सगळा जहाजाने येतो, आणि २०२२ मध्ये तिथला रुपयाच कोसळल्यावर पिठाने कोणाच्या आधाराने उभे राहावे?

"आपल्याकडे सरकारी गोदामं आहेत," अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले. हे मात्र खरे. सरकार हमीभावाने गहू घेते, साठवते आणि भाव चढले की बाजारात सोडते. त्याच महिन्याच्या अखेरीस ३० लाख टन गहू खुल्या बाजारात काढण्याचा निर्णय झाला. शिवाय १३ मे २०२२ पासून गव्हाची निर्यात बंद होती, त्यामुळे धान्य देशातच राहिले आणि आपल्याकडून गहू नेणाऱ्या बांगलादेशाला दुसरी दारे शोधावी लागली.

एवढ्यात मागे उभ्या असलेल्या, मिरज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले, "अण्णा, बाहेर भाव चांगला हुता तवा आमचा गहू हितंच अडवला. मग तुमचं पीठ स्वस्त पडलं ते कुणाच्या खिशातनं?"

यावर अण्णांना एकही देश आठवला नाही.